औंदा चटणी नको

होळी झाली की आमच्या गल्लीत कुणाला पडसं झालंय हे ओळखूच यायचं नाही. सगळ्यांचीच नाकं वाहायची, सगळेच खोकायचे, कारण घरोघरी वर्षाच्या चटणीचं काम निघालेलं असायचं. बाहेरगावचा पाहुणा आला की तोंडाला रुमाल लावून विचारायचा, "काय जाळताय काय?" आणि आम्ही बायका त्याला हसायचो. कोल्हापुरात चटणी म्हणजे ताटात डाव्या बाजूला चिमूटभर वाढायची ती नव्हे. कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे, मसाला आणि मिरच्या भाजून, कुटून बरणीत भरलेली, वर्षभर प्रत्येक कालवणात पडणारी ती चटणी. ती संपली तर शेजारणीकडं वाटी घेऊन जावं लागतं, आणि त्यासारखा कमीपणा नाही.

आमच्या घरात त्या दिवसाची मानकरी मी नव्हते, आमचे मालक होते. ते शिरोलीच्या एका फौंड्रीत भट्टीवर कामाला होते, तापलेलं लोखंड साच्यात ओतायचं काम. अंगात ताप असला तरी खाडा करायचे नाहीत, पण चटणीच्या दिवशी हक्कानं रजा टाकायचे. मिरच्या स्वतः निवडायचे. रंगाला ब्याडगी, झणक्याला संकेश्वरी, हे दुकानदाराला दरवर्षी असं समजावून सांगायचे की जसं काही त्याचं दुकान कालच उघडलंय. मग डबा घेऊन डंकावर, मिरची-कांडपाच्या गिरणीत, कुटायला जायचे. तिथं बायकांची रांग, आणि त्या रांगेत हे एकटे बाप्ये पोत्यावर बसून गप्पा झोडायचे. घरी यायचे तेव्हा डबा गरम असायचा आणि यांच्या भुवयांवरसुद्धा चटणी असायची.

बरणीत भरायच्या आधी पहिली मूठ यांच्या ताटात. वर कच्चं तेल आणि तव्यावरची जोंधळ्याची भाकरी. पहिला घास गेला की कपाळावर घाम यायचा, डोळे मिटायचे, आणि मी आणि पोरगा दोघं तोंडाकडं बघत बसायचो. निकाल दरवर्षी तोच.

"बरी हाय. जरा कमी हाय की तिखट."

"अवो, जीभ हाय का भट्टी?" मी म्हणायची.

मग ते हसायचे, मी बरणी भरायची, वर हिंगाचा खडा ठेवायचा आणि तोंडाला फडकं बांधायचं. बास, वर्षाची काळजी मिटली.

हे एवढं सांगते आहे, कारण पुढं याच चटणीवर आळ आला. माझ्या हाताच्या तिखटानं माझ्या नवऱ्याचं पोट जाळलं, असं माणसं माझ्या तोंडावर बोलली. आणि ज्यानं खरंच जाळलं ते आत निवांत वाढत राहिलं. आता मी गप्प बसत नाही, कुणी ऐको न ऐको. पुढचं माझ्या पोरावर आलं होतं, म्हणून तर नाहीच नाही.

भट्टीवरच्या माणसांचा एक शब्द असतो, हीट. तोंड आलं, हीट. डोळे लाल झाले, हीट. बायकोवर ओरडला, तीपण हीटच. आठ-आठ तास लोखंडाच्या रसासमोर उभी राहणारी माणसं, त्यांना अंगात उष्णता झाली यावर शंका घेणार कोण? आणि त्यावर उपायही सगळ्यांना पाठ. सब्जाचं पाणी, गुलकंद, ताक, आणि संध्याकाळी दूधकट्ट्यावर जाऊन धारोष्ण दूध. आमच्याकडं म्हैस समोर उभी करून पिळतात, ग्लास थेट धारेखाली धरतात. लग्नानंतर पहिल्यांदा यांनी मला तिथं नेलं, तेव्हा मी लाजून चूर झाले होते. चारचौघांत उभं राहून दूध प्यायचं म्हणजे काय! हे मात्र दोन ग्लास लावायचे आणि मिशीवरचा फेस पुसायचे नाहीत. तसाच फेस घेऊन घरापर्यंत गाडी चालवायचे. पोरगा झाल्यावर त्याच्याही ओठांवर फेस लावून आणायचे. बाप-लेक दारात उभे राहायचे आणि मी कशाला तरी रागावलेली असले तरी हसू यायचं. ती संध्याकाळ मला आजही कुणी परत दिली तर मी दुसरं काही मागणार नाही.

त्या वर्षी होळी झाली, गल्लीत मिरच्यांचा खकाणा उडायला लागला, मी मिरच्यांचं काढलं. तर हे म्हणाले, "औंदा चटणी नको करूस."

मला वाटलं थट्टा करताहेत. "का? जीभ मऊ झाली व्हय?"

"हीट झालीया गं. सकाळचं रगात पडतंय जरा."

एवढंच. मी पुढं विचारलं, तर उठून बाहेर गेले. आमच्या कोल्हापूरच्या बाप्यांचं असं असतं बघा. रस्त्यावर चारजण ऐकतील असं मोठ्यानं बोलतील, कुस्तीवर बोलतील, मटणावर बोलतील, शिवी दिल्याशिवाय वाक्य संपवणार नाहीत. पण सकाळी संडासात काय झालं हे बायकोलाही सांगणार नाहीत. मित्रांना सांगितलं तेही "हीट" म्हणूनच. आणि मित्र काय, तेही भट्टीवरचे. त्यांनी लगेच निदान केलं, मूळव्याध. एकानं सांगितलं, मलकापूरच्या रस्त्याला कोण एक माणूस मूळव्याधीवर पुडी देतो, रामबाण हाय. रविवारी दोन गाड्या काढून चौघं गेले, पुड्या घेऊन आले, येताना वाटेत जेवूनही आले. ट्रिप झाली म्हणा ना.

गल्लीतल्या बायकांनी दुसरं निदान केलं. शेजारची मावशी, जी माझी चटणी वर्षातून चार वेळा वाटीनं नेत होती, तीच म्हणाली, "तुझा हातच जहाल हाय बाई. किती तिखट घालतीस! माणसाचं आतडं हाय का चामडं?" मला असा राग आला! पण म्हटलं, असेलही. आपलाच माणूस, आपल्यालाच जपायला हवा. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ती बरणी रिकामी राहिली. मी धुऊन, वाळवून, पालथी घालून फळीवर ठेवली.

मग सुरू झालं अळणी खाणं. मुगाची आमटी, दुधीची भाजी, ताकभात. हे बिचारे गप गिळायचे. एकदा पोरगा चोरून बाहेरून मिसळ खाऊन आला, त्याच्या बोटांना वास येत होता. यांनी त्याचा हात धरला, नाकाशी नेला आणि नुसतं हसले. मला त्या हसण्याचं काही वाटलं नाही तेव्हा. आता कुठं मिसळीचा वास आला की तेच हसू दिसतं.

मधे-मधे रक्त थांबायचं. मग सगळे म्हणायचे, बघ, तिखट बंद केलं तर उतार पडला का न्हाय? पुडीवाल्याचं नाव निघायचं, दुधाचं नाव निघायचं. हे रोज संध्याकाळी कट्ट्यावर जायचे, तरी बारीक होत चालले. पँटीच्या पट्ट्याला खिळा तापवून नवीन भोक पाडलं. फौंड्रीतले म्हणाले, "पोट उतरलं की! पैलवान दिसायलाय." कधी पोट साफ व्हायचं नाही, कधी दिवसभर जावं लागायचं, तेही हीटच्या खात्यावर गेलं. पायऱ्या चढताना धाप लागायची, तेही.

दिवाळीच्या तोंडावर एक दिवस हे साच्याशेजारी चक्कर येऊन पडले. नशीब, ओतकाम झालेलं होतं. सोबत्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि मला म्हणाल्या, "यांच्या अंगात रक्त उरलंय कुठं? इतके दिवस काय करत होतात?" मी म्हटलं, "तिखट बंद केलं होतं." मग खालून दुर्बीण घालून तपासलं. मोठ्या आतड्यात गाठ, कॅन्सरची, आणि तिथून यकृतापर्यंत गेलेली.

हे खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होते. त्यांनी डॉक्टरीणबाईंना एकच विचारलं. "मॅडम, हिची चटणी लई तिखट असती. त्यानं झालं काय?"

"नाही हो. चटणीचा यात काही दोष नाही. रक्त पडलं तेव्हाच आला असतात तर..."

हे माझ्याकडं वळले आणि काय म्हणावं या माणसानं! म्हणाले, "ऐकलंस? तुझी चटणी निर्दोष सुटली."

मी हसले का रडले ते मला आठवत नाही.

त्यानंतर ऑपरेशन झालं, पोटावर शौचाची पिशवी आली, आणि सलाईनमधून औषधं द्यायच्या वाऱ्या सुरू झाल्या. हे आत खुर्चीवर आणि आम्ही बायका बाहेर बाकावर. त्या बाकावर मला माझी मैत्रीण भेटली. हुपरीकडची जैन बाई, शेतकरी घरातली, सुरेख ठसठशीत कुंकू. तिचा नवरा आणि माझा नवरा एकाच दिवशी यायचे. मी पहिल्या दिवशी तोंड उघडलं ते माझ्या त्याच दुखण्यावर. म्हटलं, "आमच्याकडं बाई मटण फार, तिखट फार, म्हणून माणसं बोलतात."

ती म्हणाली, "अक्का, आमच्यात कांदा-लसूणसुद्धा न्हाय चालत. मटणाचं तर नाव न्हाय. मग आमास्नी कसं झालं सांगा?"

मग तीच म्हणाली, "रगात पडाय लागलं, तवा आमच्या सासूबाईंनी पैला तिखट बंद केलं."

पलीकडं एक मलकापूरकडचा शेतकरी बसला होता, भावाला घेऊन आलेला. तो न विचारता बोलला, "आमच्यातबी तसंच की. वर्षभर बिनतिखटाचं खाल्लं भावानं. मूळव्याध म्हनूनशान."

मग मला चाळाच लागला. नवीन कुणी बाकावर बसलं की मी विचारायची, "पावणं, घरात तिखट कधी बंद केलंतसा?" सुरुवातीला माणसं दचकायची, मग सांगायची. कुणी शेतावरचं, कुणी बँकेतलं, कुणी शिकवणारं. एक तर तिशीतलं पोरगं होतं, कॉम्प्युटरवर काम करणारं, ते म्हणालं बसून-बसून हीट झाली वाटलं. भट्टीवर उभं राहणाऱ्याला उभं राहून हीट, बसणाऱ्याला बसून हीट! खाणं वेगळं, जात वेगळी, काम वेगळं, पण गोष्ट एकच. आधी रक्त, मग लाज, मग तिखट बंद, मग कुणाची तरी पुडी, आणि मग हा बाक. डॉक्टरांच्या पुस्तकात काय लिहिलंय मला ठाऊक नाही. मला बाकावर बसून जे कळलं ते हे. मला एवढा संताप यायचा की वाटायचं, बिंदू चौकात उभं राहून ओरडावं.

मधला थोडा काळ बरा गेला. यांना भूक लागायला लागली. एक दिवस म्हणाले, "चटणी दे की जराशी, भाकरीसंगं."

घरात चटणी होती कुठं? बरणी पालथी. मी वाटी घेऊन शेजारी गेले. मावशीनं गच्च भरून दिली, तिचेही डोळे खाली. यांनी बोटाच्या टोकावर घेतली, जिभेला लावली आणि वाटी सरकवली.

"ही आपली न्हवं."

मला त्या तीन शब्दांचा जेवढा त्रास झाला तेवढा आणखी कशाचा झाला नाही. एका निर्दोष चटणीसाठी हा माणूस होळीपासून दिवाळीपर्यंत अळणी जेवला. पुढच्या होळीनंतर मी हट्टानं चटणी केली. डंकावर यांना येता आलं नाही, पोरगा गेला. यांना उशांना टेकवून बसवलं, पहिली मूठ पुढ्यात ठेवली, तेल घातलं. यांनी बोट बुडवलं, डोळे मिटले. कपाळावर घाम यायची मी वाट बघत होते. तो आला नाही. "बरी हाय," म्हणाले. पुढचं वाक्य बोललेच नाहीत. पावसाळ्याच्या आधी गेले.

त्यानंतर दरवर्षी मी चटणी केली, पण पहिली मूठ काढायची रीत मोडली. डबा आला की सरळ बरणीत भरायची आणि फडकं बांधायचं. कुणाच्या तोंडाकडं बघत बसू?

डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हे घराण्यात चालू शकतं, मुलाची तपासणी करून घ्या, म्हातारा व्हायची वाट बघू नका. सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तुझा सासराबी रगताची आव लागूनच गेला की." त्या जुन्या आवेला आता मी काय समजू? पोराच्या मागं मी हात धुऊन लागले. पण त्याचं उत्तर ठरलेलं, "बघूया की." कोल्हापूरकराचं "बघूया की" म्हणजे काय हे कोल्हापूरकरालाच कळतं. म्हणजे होणार नाही. तो आता कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कामाला, तिथंही फौंड्रीतच. बापाचंच अंग, बापाचीच मिशी, बापासारखाच हट्टी.

यंदा संक्रांत झाल्यावरची गोष्ट. आम्ही तिघं, मी, पोरगा आणि सूनबाई, जेवायला बसलो होतो. अख्खा मसूर केला होता, त्याच्या आवडीचा, वर तर्री. त्यानं वाटी सरकवली आणि सहज म्हणाला, "आई, जरा तिखट कमी कर उद्यापास्नं. हीट झालीया."

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. सूनबाई माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "रगात पडतंय?"

"आई, जेवताना काय गं हे!"

"पडतंय का न्हाय तेवढं सांग."

तो ताटात बघायला लागला. झालं, मला उत्तर मिळालं. "उद्या सकाळी माझ्यासंगं दवाखान्यात चलायचं," मी म्हटलं.

"बघूया की. ह्या आठवड्यात लई काम हाय..."

"बघूया म्हनलास तर मी कागलला येऊन तुझ्या कंपनीच्या गेटवर बसीन. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगीन, ह्याला संडासात रगात पडतंय आणि ह्यो बापासारखा मरायला निघालाय."

"लोकं हसतील आई!"

"हसू देत! तुझ्या बापाच्या वक्ताला कोण हसलं न्हाय. कौतुक केलं सगळ्यांनी, पैलवान दिसतोय म्हनून. काय झालं?"

मी ओरडत होते. इतक्या वर्षांत त्यानं मला असं बघितलं नव्हतं. तो उठला, हात धुतले आणि म्हणाला, "चल. किती वाजता जायचं?"

तपासणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यायला दिलं. सूनबाई पाण्याचे तांबे भरत होती, तो पीत होता आणि दर खेपेला मला शिव्या घातल्यासारखा बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याला आत नेलं, आणि मी परत बाकावर. तोच दवाखाना, बाक मात्र नवीन, लोखंडाचा. मी हुपरीच्या मैत्रिणीला आधी फोन केला होता. तिचा नवरा यांच्या नंतर थोड्याच दिवसांनी गेला. ती न सांगता एसटीनं आली आणि शेजारी बसली. पिशवीतून केळी काढून दिली. मी म्हटलं, "मला घास जायचा न्हाय." ती म्हणाली, "अक्का, माझ्या दोन्ही पोरांची तपासणी मी केलती. हितंच बसलेली. तवा मलाबी न्हाय गेला." मग केळी दोघींच्या मधे तशीच पडून राहिली आणि आम्ही दाराकडं बघत बसलो.

डॉक्टरीणबाई आता पिकल्या आहेत. बाहेर आल्या तेव्हा मला ओळखलं. म्हणाल्या, "आतड्याला आतून दोन मोड फुटले होते, पॉलिप म्हणतात त्यांना. एक बराच मोठा होता, त्यातूनच रक्त येत होतं. दोन्ही काढून टाकलेत. तुकडा तपासायला पाठवलाय, पण आजी, वेळेवर आणलंत."

ते अहवाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. अंबाबाईला काय काय बोलले, तिनं ऐकलं नसलं तर बरं. अहवाल आला, कॅन्सर नव्हता. होणार होता, पण झाला नव्हता. आता ठरलेल्या वेळेला त्यानं परत-परत तपासून घ्यायचं, आणि ते मी जिवंत असेपर्यंत तरी चुकणार नाही.

मग होळी आली. गल्लीत खोकला सुरू झाला. मी मिरच्या निवडायला बसले, तर हा म्हणाला, "आई, आज रजा टाकलीया. डंकावर मी जातो." गेला, आणि दुपारी डबा घेऊन आला. मी सवयीनं बरणी पुढं ओढली, फडकं हातात घेतलं. हा मात्र ताट घेऊन भुईवर मांडी घालून बसला.

"काय पायजे?" मी विचारलं.

"पैली मूठ कुठं हाय?"

मी ताटात चटणी घातली, तेल घातलं, तव्यावरची भाकरी टाकली. त्यानं मोठा घास घेतला. डोळे मिटले. आणि कपाळावर, भुवईच्या वर, घामाचे थेंब आले. मी बघत होते. तो चावत राहिला, मग डोळे उघडून म्हणाला, "बरी हाय. जरा कमी हाय की तिखट."

मी तिथंच चुलीपुढं बसून मोठ्यानं रडले. शेजारची मावशी, आता पार वाकलेली, आवाज ऐकून काठी टेकत आली. म्हणाली, "काय झालं गं? चटणी डोळ्यात गेली व्हय?"

मी म्हटलं, "न्हाय मावशी. पोराच्या पोटात गेली."